भिंतीच्या आतला खर्च

बाथरूमची फरशी उकरली तेव्हा खालचा विटांचा भराव ओला निघाला. नुसता दमट नव्हे, मुठीत धरून दाबला तर पाणी गळावं इतका ओला. जानेवारी महिना होता आणि त्या घरातला नळ पाच महिने कोणी उघडलेला नव्हता. प्लंबरने भरावातून अर्ध्या इंचाचा एक जीआय पाईप मोकळा केला आणि मला म्हणाला, "मॅडम, अंगठ्याने दाबून बघा." दाबला, तर पापुद्रा आत गेला. मग करवतीने कापून त्याने पाईपाचं तोंड उजेडाकडे धरलं. गंजाचे थर साचत साचत आतलं भोक आगकाडीच्या गुलाएवढं उरलं होतं.

वडील या घरात ३८ वर्षं राहिले. शेवटची काही वर्षं ते म्हणत, "शॉवरला धार येत नाही गं." मी दोनदा शॉवरची चाळणी बदलून दिली होती.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छतावर ताटाएवढा डाग होता. दर दिवाळीला त्या तो रंगवून घेत, आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा उमटे. वडिलांना त्या कधी टोचून बोलल्या नाहीत. माझ्याजवळ मात्र घर उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "आता तू करतेच आहेस काम, तर एवढं बघ." या लेखातला बराचसा अनुभव त्या एका वाक्यापासून सुरू होतो.

कोथरूडमधली आमची इमारत १९८६ सालची. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर मिळून ६४० चौरस फूट. वडील गेल्यावर ते माझ्या नावावर झालं. विकायचं मनात नव्हतं, राहायला जाणं शक्य नव्हतं, म्हणून भाड्याने द्यायचं ठरलं. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. घरदुरुस्तीसाठी लोकांना कर्जं दिली, त्यांची अंदाजपत्रकं तपासली, पण स्वतः कधी घमेल्याजवळ उभी राहिले नव्हते.

घरमालकीण होणं मला सहज जमणारं नव्हतं, याचं कारण वेगळं आहे. माझं बालपण भाडेकरूच्या घरात गेलं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. पावसाळ्यात माडीवर सात ठिकाणी भांडी ठेवावी लागत, आणि कोणतं भांडं कुठे हे आम्हा भावंडांना पाठ होतं. मालकीण म्हणजे वाड्याच्या मागच्या खोलीत एकटी राहणारी आजी. आई तिच्याकडे कौलं फिरवण्याचा विषय काढी, आणि ती वहीतली भाड्याची बेरीज दाखवी. सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून येणारं भाडं कौलं फिरवणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नसे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवलं होतं, आणि तो कायदा मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षांवर चालला. भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर आमच्या वाड्याची मागची भिंत पडून गेली होती. मालकाला परवडत नव्हतं, भाडेकरूचं ते स्वतःचं नव्हतं, आणि मधल्या मधे घर मेलं. पेठांमधले असे किती वाडे गेले हे पुणेकराला सांगायला नको.

आता तशी अडचण नाही. आपण बाजारभावाने भाडं मागतो आणि ते मिळतं. मग दुरुस्ती टाळण्याचं कारणही आपल्याजवळ उरत नाही. माझ्यापुरतं मी एवढंच ठरवलं होतं.

घर दाखवायला पहिल्यांदा एका एजंटला बोलावलं. माणूस अनुभवी आणि सरळ होता. म्हणाला, "ताई, लोक फोटो बघून येतात. हॉलला फॉल्स सीलिंग करा, किचन ट्रॉली लावा, एक भिंत गडद रंगाची करा. बाथरूमला टाइलवर टाइल चिकटवा, आठ दिवसांत काम होईल. भाडं दोन हजारांनी वाढेल." त्याच दिवशी दुपारी प्लंबर आला. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला हा माणूस वीस वर्षं पुण्यात आहे आणि स्वच्छ मराठी बोलतो. त्याच्या भागातून, पट्टामुंडाईच्या आसपासच्या गावांतून, देशभर प्लंबर जातात. बाप, काका, भाऊ सगळे याच कामात. त्याने भिंतींवर बोटांनी टकटक केली, खालच्या काकूंकडे जाऊन डाग पाहिला आणि वर येऊन म्हणाला, "मॅडम, पैसे कमी असले तर रंग नका देऊ. पण पाईप बदला. टाइलवर टाइल बसवली तर तीन वर्षांनी हेच सगळं दुप्पट खर्चात फोडाल."

दोघांच्या म्हणण्यातला फरक मला तेव्हा सल्ल्याचा वाटला. नंतर कळलं की तो पैसे कुठे दिसतात याचा फरक आहे. भाड्याच्या घरात भिंतीवर केलेला खर्च फोटोत दिसतो. भिंतीच्या आत केलेला खर्च कोणालाच दिसत नाही. ज्याच्या अंगावर पाणी पडायचं किंवा ज्याला शॉक बसायचा तो माणूस अजून आपल्याला भेटलेलाही नसतो. त्याचं नाव ठाऊक नाही, तो दोन वर्षांत निघून जाणार आहे, आणि त्याच्यासाठी आपण पाईप बदलायचे आहेत. नव्या घरमालकाचं मन नेमकं इथे कचरतं. माझंही कचरलं होतं.

तीन ठेकेदारांकडून अंदाज मागवले. एकाने व्हॉट्सॲपवर एका ओळीत आकडा पाठवला, ४ लाख १० हजार, सगळं धरून. दुसऱ्याने दोन पानांचं कोटेशन दिलं, पण त्यात "प्लंबिंग काम – लमसम" एवढंच. तिसऱ्याने चौरस फुटाचा लेबर रेट आणि मालाचा खर्च वेगळा मांडला होता. त्याची बेरीज सगळ्यांत जास्त, ५ लाख ४० हजार. मी पहिल्याला काम दिलं.

या व्यवहारात शब्दांना फार महत्त्व आहे. उक्तं काम म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरलेली, आत काय घालायचं ते ठेकेदार ठरवणार. हजेरीचं काम म्हणजे रोजावर माणसं, माल आपला, आणि वेळेचा धोकाही आपला. लेबर रेट म्हणजे मोजमापावर मजुरी. उक्त्यात ठेकेदाराचा फायदा कमी मालात असतो, हजेरीत मजुराचा फायदा जास्त दिवसांत. यात कोणी वाईट असण्याचा प्रश्न नाही, व्यवहाराची घडणच तशी आहे. म्हणून उक्तं द्यायचं असेल तर मालाचं नाव, जाडी, कंपनी आणि मोजमाप कागदावर हवं. "चांगल्या क्वालिटीचा पाईप" या शब्दांना काही अर्थ नाही. "सीपीव्हीसी, अमुक कंपनी, पाऊण इंच मुख्य लाइन, अर्धा इंच नळापर्यंत, भिंत बुजवण्याआधी दाब देऊन तपासणी" याला अर्थ आहे. अनेक बँक-कर्जांच्या कागदांवर मी हे वाचलं होतं. स्वतःच्या घराच्या वेळी एका ओळीवर विश्वास ठेवला, कारण आकडा कमी होता.

त्या ठेकेदाराने साठ टक्के उचल मागितली, मी दिली. त्याची माणसं आली, पाच दिवसांत दोन्ही बाथरूम, ओटा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा डॅडो फोडून मोकळी झाली, आणि सहाव्या दिवशी कोणी आलं नाही. आधी "लेबर गावी गेलंय", मग "दुसऱ्या साइटवर स्लॅब आहे", मग फोन वाजत राहिला. तेवीस दिवस. जिन्यात राडारोड्याच्या गोण्या रचलेल्या, सोसायटीच्या चेअरमनचे दोन निरोप, आणि घराला ना नळ ना संडास. फोडण्याचं काम सोपं आणि स्वस्त असतं, पण घर एकदा फोडलं की मालक अडकतो. ही गोष्ट त्याला माहीत होती, मला नव्हती. त्याचा राग मी आता धरत नाही. पण जे पैसे परत मिळाले नाहीत, ते ८५ हजार होते, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

नंतर ज्यांच्याशी बोलले त्या जवळजवळ प्रत्येक घरमालकाकडे अशी एक गोष्ट निघाली. डोंबिवलीत आईचा फ्लॅट भाड्याने देणाऱ्या शिक्षिकेच्या घरी ओट्याचं काम अर्धं टाकून माणूस गेला. नाशिकचा एक तरुण नोकरीसाठी बंगळुरूला असतो. त्याला रोज फोटो येत, पण ते दुसऱ्याच कुणाच्या घराचे होते, हे त्याला खिडकीच्या गजांवरून कळलं. या सगळ्यांनी काम सुरू होण्याआधी मोठी रक्कम दिली होती. नंतर मी पाळलेला हिशेब असा: माल मी आणून देईन किंवा दुकानदाराला थेट पैसे देईन, मजुरी टप्प्याने, टप्पा संपल्यावर, पण संपला त्याच दिवशी, आणि शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा गेल्यावर. शेवटच्या अटीवर दोन मिस्त्री निघून गेले. तिसरा म्हणाला, "पावसाळ्यानंतर घेतो. पण ताई, द्याल ना नक्की?" त्याला मी तारीख घातलेला चेक दिला.

हे मिस्त्री मूळचे सोलापूरकडचे. बाथरूमच्या कामात त्यांनी मला जे दाखवलं ते लिहून ठेवावंसं वाटतं. जुना भराव काढल्यावर खाली खोलगट स्लॅब उघडा पडतो. तो घासून, कोरडा करून, कोपरे गोलसर भरून घेतले. वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. लेप भिंतीवर फूटभर वर चढवला. मग नहाणी ट्रॅपची तोंडं बंद करून पाणी भरलं आणि तसंच ठेवलं. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ही चाचणी नव्हतीच. मिस्त्री म्हणाले, "चोवीस तास पुरतात म्हणतात, आपण अठ्ठेचाळीस ठेवू." पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी रात्री मी आणि खालच्या काकू त्यांच्या बाथरूममध्ये स्टुलावर चढून बॅटरीच्या उजेडात छत न्याहाळत होतो. काकूंनी तळहात लावून पाहिला. कोरडं होतं.

त्यावर पुन्हा भराव, कोबा आणि मग फरशीचा उतार. गवंड्यांच्या भाषेत इंचाचे आठ सूत. बाथरूमला उतार फुटाला एक सूत. आमची बाथरूम सहा फूट, म्हणजे दारापासून ट्रॅपपर्यंत पाऊण इंच. त्याहून कमी दिला तर पाणी साचतं. जास्त दिला तर बादली सरकते आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो. मिस्त्रींनी दोरी बांधली, लेव्हल पाईप धरला, आणि पहिली टाइल बसवण्याआधी तासभर नुसतं मोजत राहिले. टाइल मोरबीच्या, अगदी साध्या, खरखरीत पृष्ठभागाच्या. गुळगुळीत चकचकीत टाइल त्यांनी दुकानातच नाकारली. फरशी पूर्ण झाल्यावर त्यांनी घागरभर पाणी दारात ओतलं आणि आम्ही दोघं ते जाताना बघत उभे राहिलो. ते सगळं गेलं. कोपऱ्यात एक थेंब थांबला नाही.

गिलाव्याला पाणी मारण्याचं काम मात्र मी स्वतः केलं. भिंत बांधली आणि सोडून दिली की सिमेंट वरून सुकतं, आतून कच्चं राहतं, आणि मग वर्षभरात रंगाखाली पापुद्रे सुटतात. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला लागतं. ठेकेदाराच्या साइटवर हे काम कोणाचंच नसतं, म्हणून ते होत नाही. हल्ली नदीची वाळू मिळत नाही, क्रश सँडचा गिलावा असतो; त्याला तर आणखी जपावं लागतं. मी सकाळी सातला बादली आणि मग घेऊन जात असे. पाणी पडलं की ताज्या गिलाव्याचा वास सुटतो. वडिलांनी हे घर घेतलं तेव्हा मी शाळेत होते, आणि हाच वास आला होता.

वायरमनने दिवाणखान्यातला एक जुना स्विचबोर्ड उघडून दाखवला. लाकडी पट्टीवरचं वायरिंग, ॲल्युमिनियमच्या तारा, चिनी मातीचे फ्यूज, आणि अर्थिंगची तार नावाला होती, ती भिंतीत कुठेतरी संपत होती. "तीन पिनचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकात काहीच नाही," तो म्हणाला. वडिलांनी या घरात फ्रिज आणि टीव्ही एवढंच चालवलं. आजचा भाडेकरू येताना गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, दोन लॅपटॉप आणि जमलं तर एसी घेऊन येतो. वायर आणायला आम्ही दोघं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, साध्या सॉकेटना अडीच, गीझर आणि एसीला चार. ९० मीटरची एकेक गुंडाळी हातात घेतली की तांब्याचं वजन कळतं. मुख्य पेटीत एमसीबीबरोबर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला. करंट गळायला लागला की हा क्षणात वीज तोडतो. त्याची किंमत मी भरलेल्या एका भिंतीच्या रंगापेक्षा कमी होती. भाड्याने घर देणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगेन, दुसरं काही करू नका, पण अर्थिंग तपासा आणि हे यंत्र बसवा. ओल्या हाताने गीझरचं बटण दाबणारी मुलगी कोणाची तरी मुलगी असते.

पाईपांची तपासणीही बाथरूमच्या पाण्याच्या चाचणीसारखीच. भिंतीतल्या खाचा उघड्या असताना प्लंबरने सगळ्या नळांची तोंडं बंद करून हातपंपाने दाब दिला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काटा तिथेच होता. मग मी प्रत्येक उघड्या भिंतीचा फोटो काढला, शेजारी टेप धरून: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. हे प्लंबरनेच सुचवलं. भाडेकरू फळी ठोकायला ड्रिल लावतो आणि नेमका पाईपावर लावतो, हे त्याने पुष्कळदा निस्तरलं होतं.

आता माणसांबद्दल. राडारोडा खाली नेण्याचं काम एका बाईने केलं. नवरा बिगारी, ती बिगारी, मूल गावी आजीजवळ. तिसऱ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत ५४ पायऱ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेला भराव, एकेका गोणीचं वजन तीस-पस्तीस किलो. मी मोजल्या, १९० गोण्या. पहिल्या ठेकेदाराने याचे पैसे माझ्याकडून उक्त्यातच धरले होते आणि तिला तो दिवसाची हजेरी देत होता, गोण्या कितीही उतरवल्या तरी. तो गेल्यावर तिची चार दिवसांची मजुरी बुडाली होती. ती ठेकेदाराकडे मागायला नव्हे, माझ्याकडे विचारायला आली, "बाई, तुम्ही दिले होते का त्याला?" मी दिले होते. तिचे पैसे मी पुन्हा दिले, आणि त्यानंतर मजुरी ज्याची त्याच्या हातात द्यायची पद्धत ठेवली. शनिवारी संध्याकाळी खर्ची मिळाली नाही तर रविवारी बाजार होत नाही, हे साइटवर उभं राहिल्यावरच समजतं.

बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला आणि राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते, आणि मुलांच्या शिक्षणापासून बाळंतपणापर्यंत मदत मिळू शकते. अडचण दाखल्याची असते. आज या घरी, उद्या त्या घरी काम करणाऱ्या बाईला दाखला देणार कोण? मिस्त्रींनी तिला आपल्याकडे बरोबर घेतलं आणि दाखल्यावर सही केली. मी फक्त फॉर्म भरून दिला. आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाची नोंदणी झाली आहे का, हे विचारायला एक मिनिट लागतं.

कामाचं वेळापत्रक आखताना पंचांग जवळ असू द्यावं, हेही सांगते. होळीला उत्तरेकडचे रंगारी गावी जातात, छटपूजेला बिहारचे फरशीवाले, गणपतीत कोकणातले सुतार, आणि पेरणीच्या दिवसांत मराठवाड्यातले बिगारी. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. वर्षभर लोकांची घरं करणाऱ्या माणसाला आपल्या घरी जायचं असतं. मी रंगाचं काम होळीनंतर पंधरा दिवसांनी ठेवलं आणि ते वेळेत झालं.

दीड महिन्याचं काम साडेतीन महिन्यांत संपलं. खर्च ५ लाख ९० हजार, बुडालेले धरून. तिसऱ्या ठेकेदाराचं ५ लाख ४० हजारांचं कोटेशन आज पुन्हा वाचते तेव्हा त्याने काहीच लपवलं नव्हतं हे दिसतं. शिवाय दोन महिन्यांचं भाडं गेलं.

भाड्याने देण्याआधी मी आमच्याच भागात भाड्याने राहणाऱ्या काहीजणांना विचारलं, घर बघताना काय बघता? परिचारिका असलेली एक मुलगी म्हणाली, "रात्रपाळी करून सकाळी आले की गरम पाणी हवं, आणि खिडकीला जाळी हवी." संगणकावर काम करणारं जोडपं म्हणालं, पलंगाजवळ सॉकेट. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोघींना कपडे वाळत घालायला जागा हवी होती, आणि "मालक अचानक न सांगता येऊ नयेत" हे त्यांनी दोनदा सांगितलं. फॉल्स सीलिंगचं नाव कोणीही घेतलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण इथे नवे मालक चुकतात. महाराष्ट्रात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत ११ महिन्यांची असली तरी. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ ही जबाबदारी मालकावर टाकतं. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींविषयी वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. २४ हजार भाडं आणि ७५ हजार अनामत असेल तर ११ महिन्यांचं मुद्रांक शुल्क सातशेच्या आत बसतं. सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. एवढ्या पैशांसाठी साध्या स्टँपपेपरवर सही करून मोकळं होणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत, आणि मला ते पटत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क २००१ च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. प्राप्तिकरात घरभाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर तुम्ही लाख घाला की शून्य, ती तेवढीच.

हे शेवटचं मला खटकतं. पाईप बदलणाऱ्या मालकाला आणि नुसता रंग मारणाऱ्याला कर सारखाच. भाडेकरूच्या बाजूने कायद्यात एक तरतूद आहे: कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे, आणि त्याने नोटिशीनंतरही हलगर्जी केली तर भाडेकरू दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत रक्कम वळती करू शकतो. पण ११ महिन्यांच्या लायसन्सवर राहणारी मुलं नोटीस देत नाहीत, घर सोडून जातात. मालकाला वाटतं, भाडेकरू टिकत नाहीत. म्हणून आमच्या करारात मी स्वतः एक कलम घातलं: पाणी, वीज आणि गळती यांची दुरुस्ती कळवल्यापासून तीन दिवसांत मालकाने करायची, नाही केली तर भाडेकरूने करून बिल भाड्यातून वजा करायचं. वकिलांनी विचारलं, "तुमच्याच विरुद्ध कलम घालताय?" मला ते माझ्या विरुद्ध वाटत नाही.

एप्रिलच्या शेवटी ती परिचारिका आणि तिची मैत्रीण राहायला आल्या. एजंटने सांगितलेलं दोन हजारांनी जास्तीचं भाडं मिळालं नाही. किल्लीबरोबर मी त्यांना एक फाइल दिली: भिंतींचे फोटो मापांसह, वायरमन, प्लंबर आणि मिस्त्रींचे नंबर, आणि मुख्य व्हॉल्व कुठे आहे त्याची आकृती. जूनमध्ये त्या परिचारिकेचा फोन आला. स्वयंपाकघरात फळी लावायची होती. तिने फोटो पाहून ओट्याच्या उजवीकडची भिंत निवडली होती आणि फक्त विचारायला फोन केला होता.

पावसाळा गेला. मिस्त्रींचा चेक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वटला. परवा खालच्या काकूंकडे फराळाच्या भाजणीसाठी गेले होते, तेव्हा त्यांनी हाताला धरून बाथरूममध्ये नेलं आणि छत दाखवलं. या दिवाळीत त्यांनी रंगारी बोलावलेला नाही.